जमेच्या बाजूचे प्रथिन

जांबोटीच्या पंचक्रोशीत अकाली मृत्यूची वार्ता सांगण्याची एक ठरीव भाषा आहे. ‘रात्री जेवून निजले, ते उठलेच नाहीत.’ ‘शेतातून आले, पाणी मागितले आणि बसल्या जागी गेले.’ ‘छातीत कळ आली, बेळगावला नेईपर्यंत संपले.’ ही वाक्ये आम्ही बालपणापासून ऐकत आलो आहोत, आणि त्यांच्या मागोमाग येणारे समाधानाचे शब्दही आमच्या कानांना तितकेच परिचित आहेत : भाग्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही, कुणाची सेवा घेतली नाही. मृताचे वय अठ्ठेचाळीस असो की पंचावन्न, समाधान हेच. या समाधानाचा आम्हांस अलीकडे राग येऊ लागला आहे. ज्या घरातला कर्ता पुरुष मुलीचे लग्न ठरण्याआधी, गहाण जमीन सुटण्याआधी जातो, त्या घराला भाग्य कसले? पण कारण ठाऊक नसले की माणूस भाग्याचा आधार घेतो, हेही खरेच.

आता कारणे कागदावर येऊ लागली आहेत. खानापूरकडून येणारा आणि बेळगावकडून येणारा रस्ता जांबोटीत एकमेकांस भेटतात आणि पुढे कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरतात. या रस्त्याने पूर्वी भात, काजू, फणस बाहेर जात; आता सकाळच्या गाडीने माणसे रक्त तपासून घ्यायला बेळगावला जातात आणि संध्याकाळी चार-सहा पानांचा अहवाल घेऊन परततात. त्या अहवालात साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल या ओळी सर्वांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. परंतु ‘हृदय तपासणी’ म्हणून जी मोठी यादी मिळते, तीत हल्ली एक अनोळखी ओळ असते : अपोलिपोप्रोटीन ए-वन. तिच्याखाली तिची सवत, अपोलिपोप्रोटीन बी. आणि त्याखाली दोहोंचा भागाकार.

आमच्या चुलतबंधूंचा थोरला मुलगा, वय एक्केचाळीस, गोव्याच्या रस्त्यावर स्वतःचा टेंपो चालवतो. मागच्या वर्षी असा अहवाल घेऊन तो आमच्याकडे आला. आम्ही वैद्य नव्हे. वाणिज्य कर खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले पदवीधर, एवढीच आमची पात्रता. पण आकड्यांचे कागद घरात आले की ते आमच्यापुढे ठेवायचे, हा आमच्या घराण्यातला जुना प्रघात. एकूण कोलेस्टेरॉल १९४, म्हणजे छापील मर्यादेच्या आत. ‘वाईट’ म्हणतात ते एलडीएल ११२. ‘चांगले’ एचडीएल ३४. ट्रायग्लिसराइड २४०. ॲपो ए-वन १०६, ॲपो बी ११८, भागाकार १.११. या शेवटच्या तीन आकड्यांवर बोट ठेवून त्याने विचारले, “काका, हे कमी असलेलं बरं की जास्त असलेलं ओ?”

प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र आम्हांस बरेच वाचावे लागले, डॉक्टरांना विचारावे लागले, आणि जे हाती आले ते आमच्या वाचकांच्या घरांतही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोलेस्टेरॉल चांगले आणि वाईट असे दोन प्रकारचे नसते. पदार्थ एकच, पेशींच्या भिंती, पित्त, काही संप्रेरके यांसाठी शरीराला तो लागतोच. पण तो मेणचट असल्याने रक्ताच्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याची ने-आण करण्यास वाहने लागतात. प्रथिनांच्या आवरणात चरबी भरलेले हे सूक्ष्म गोळे म्हणजेच लिपोप्रोटीन. जी वाहने यकृताकडून माल घेऊन निघतात आणि जाता जाता धमन्यांच्या भिंतीत शिरून तो तेथे टाकतात, त्यांस आपण वाईट म्हणतो. जी भिंतीतला साठलेला माल उचलून यकृताकडे परत आणतात, ती चांगली. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा पिढीजात अभ्यास चालू आहे. तेथून १९७७ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की ज्यांच्या रक्तात एचडीएल अधिक, त्यांना हृदयविकार कमी. तेव्हापासून हे ‘चांगले’ हे विशेषण रूढ झाले आणि तेवढ्यावरच सामान्य माणसाचे ज्ञान थांबले.

ॲपो ए-वन हे या परतीच्या वाहनाचे मुख्य प्रथिन. २४३ अमिनो आम्लांची ही एक साखळी. यकृत आणि लहान आतडे यांत ती तयार होते. एचडीएलमधील एकूण प्रथिनांपैकी सुमारे सत्तर टक्के वाटा हिचाच. निघताना ती जवळजवळ रिकामी असते. धमनीच्या भिंतीत चरबी खाऊन फुगलेल्या पेशी असतात. त्यांच्या कवचावरील एका दारातून कोलेस्टेरॉल बाहेर पडते व या साखळीला चिकटते. मग तिच्याच चेतनेने रक्तातले एक विकर काम सुरू करते, माल आत दडपला जातो, चपटी चकती फुगून गोळा होते, आणि तो गोळा अखेर यकृताशी येऊन रिकामा होतो. यकृत तो माल पित्तावाटे बाहेर टाकते. सांगायला चार ओळी पुरतात. हे समजायला शास्त्रज्ञांना अर्धे शतक लागले.

आमच्या नोकरीतील काही वर्षे राज्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यावर गेली. २०१७ साली जीएसटी आला आणि ते नाके गेले, पण त्या काळातील एक धडा येथे कामास येतो. नाक्यावर दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागत. वजनकाट्यावर माल किती भरला ही एक, आणि गाड्या किती गेल्या ही दुसरी. शंभर टन माल दहा मोठ्या गाड्यांतून गेला की चाळीस छोट्या टेंपोंतून, हे नुसत्या वजनावरून कळत नाही. रक्त-अहवालातील एलडीएल आणि एचडीएल हे आकडे मालाच्या वजनाचे आहेत. ॲपो बी हा गाड्यांच्या संख्येचा आकडा आहे, आणि तो पक्का आहे. कारण यकृतातून निघालेल्या प्रत्येक वाहनावर ॲपो बीचा एक आणि एकच रेणू असतो, गाडीच्या नंबरपाटीसारखा. पाट्या मोजल्या की गाड्या मोजल्या. ॲपो ए-वनचे तसे नाही. एका एचडीएलवर त्याचे दोन, तीन, चार, क्वचित अधिकही रेणू असतात. म्हणजे ही मोजणी चाकांची झाली. ट्रक सहा चाकी असेल वा दहा चाकी. चाकांवरून गाड्यांचा अंदाज बांधता येतो, खातरजमा नव्हे. हा भेद लक्षात ठेवल्यास पुढे येणारी पुष्कळशी गोंधळाची स्थळे सुगम होतात.

आता पुतण्याचा कागद पुन्हा पाहा. त्याचे एलडीएल ११२, म्हणजे ‘वाईट’ माल फारसा नाही. पण ॲपो बी ११८, म्हणजे तो माल अनेक लहान लहान वाहनांत वाटलेला आहे. लहान वाहने भिंतीत शिरतात, आणि धोका ठरतो तो शिरणाऱ्यांच्या संख्येवर. ज्यांचे ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल उतरलेले असते, त्यांच्यात असा प्रकार नेहमी आढळतो, आणि आपल्या लोकांत तर तो घरोघर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले आकडे आम्ही पाहिले. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील प्रौढांपैकी ७२.३ टक्क्यांचे एचडीएल कमी होते. कोलेस्टेरॉल वाढलेले लोक मात्र केवळ १३.९ टक्के. म्हणजे ज्या आकड्याची आपण धास्ती घेतो तो बहुतेकांचा ठीक असतो, आणि उणे पडते ते जमेच्या बाजूला.

येथे कुणी म्हणेल की आमचा पुतण्या काही जाडा नाही. अंगाने शिडशिडीतच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच भ्रमावर २००४ साली एक मार्मिक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. पण शरीरातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी कशी लपलेली असते, हे सांगायला याहून सोपा पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

ॲपो बी आणि ॲपो ए-वन यांचा भागाकार का छापतात, याचे उत्तर २००४ सालच्या ‘इंटरहार्ट’ नामक अभ्यासात आहे. मूळचे केरळचे आणि कॅनडात स्थायिक झालेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांतील सुमारे पंधरा हजार रुग्ण, ज्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला होता, आणि जवळजवळ तितकीच निरोगी माणसे यांची तुलना करण्यात आली. साऱ्या कारणांत पहिला क्रमांक लागला तो या भागाकाराचा, दुसरा धूम्रपानाचा. ज्यांचा भागाकार सर्वांत वरच्या पंचमांशात होता, त्यांचा धोका सर्वांत खालच्या पंचमांशाच्या सुमारे सव्वातीन पट होता. पुरुषांत हा भागाकार ०.९ च्या वर आणि स्त्रियांत ०.८ च्या वर गेला की चिंतेचे, असे साधारण धरले जाते. १.११ म्हणजे काय, ते वाचकांनी ताडावे.

याच अभ्यासाचा आपल्याकडील भाग २००७ साली वेगळा प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक डॉ. प्रशांत जोशी हे नागपूरचे, हे नमूद करताना आम्हांस विशेष समाधान वाटते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका येथील १,७३२ रुग्ण त्यात होते. पहिला झटका येण्याचे सरासरी वय इतर देशांत ५८.८, आणि आपल्याकडे ५३. सहा वर्षांचा हा फरक वाचला आणि जांबोटीची ती ठरीव वाक्ये आम्हांस आठवली. भाग्याचा येथे काही संबंध नाही. निरोगी म्हणून निवडलेल्या माणसांतही वाढलेला भागाकार आपल्याकडे ४३.८ टक्के, इतरत्र ३१.८ टक्के. आणि दुसरा एक आकडा तर आम्हांस लाज आणणारा वाटला : अंग मोडून व्यायाम करणारे इतरत्र २१.६ टक्के, आपल्याकडे ६.१. आमच्या वडिलांच्या पिढीला हा आकडा खोटा वाटला असता. खानापूरच्या बाजारास ती माणसे डोईवर ओझे घेऊन चालत जात. आज गावातल्या दुकानाशी जायला दुचाकी निघते, आणि मृगाच्या पहिल्या सरीपासून दसऱ्यापर्यंत पाऊस हे न चालण्याचे सोयीस्कर निमित्त असते.

आता थोडे दूर जाऊ. इटलीच्या उत्तरेस गार्डा नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी, मागे डोंगराची भिंत आणि पुढे पाणी अशा चिंचोळ्या पट्टीवर लिमोने नावाचे गाव वसले आहे. वस्ती हजाराच्या आसपास. १९३० च्या दशकात रस्ता होईपर्यंत तेथे जायचे ते होडीने किंवा डोंगर उतरून. त्यामुळे सोयरिकी गावातल्या गावात. या गावचा एक रेल्वे कामगार १९७० च्या दशकात मिलानच्या डॉक्टरांकडे आला. त्याचे ट्रायग्लिसराइड फार चढलेले, एचडीएल अतिशय कमी, ॲपो ए-वनही कमी. पुस्तकाप्रमाणे त्याच्या धमन्या केव्हाच तुंबायला हव्या होत्या. त्या स्वच्छ होत्या. प्रा. चेझारे सिर्तोरी आणि त्यांचे सहकारी यांनी शोध घेतला तेव्हा आढळले की त्याच्या ॲपो ए-वनच्या साखळीत १७३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले आहे. १९८० साली हे प्रसिद्ध झाले आणि त्या बदललेल्या प्रथिनाला ‘मिलानो’ असे नाव पडले, जरी मान खरे तर लिमोनेचा. पुढे साऱ्या गावाचे रक्त तपासण्यात आले. सुमारे चाळीस जणांत तोच बदल सापडला. मग चर्चमधील जन्म-विवाहाच्या जुन्या वह्या उलगडल्या गेल्या आणि ते सारे अठराव्या शतकातील एकाच दांपत्याचे वंशज ठरले.

जवळपास असेच अमेरिकेतील टँजियर नावाच्या लहानशा बेटाचेही. तेथील एका भावाबहिणीच्या घशातील गाठी नारिंगी रंगाच्या आढळल्या आणि त्यांच्या रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतेच. त्या कुटुंबाच्या आजारावरून, पुढे १९९९ साली, पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढणारे ते दार कोणते हे समजले. मोठ्या विद्यापीठांना उत्तरे मिळाली ती अशा आडबाजूच्या वस्त्यांतून, जेथे कोण कुणाचा पणजोबा हे लिहून ठेवलेले होते.

आमच्या वाचकांत कुलवृत्तान्त बाळगणारी घराणी पुष्कळ. मूळ गाव, गोत्र, कुलस्वामी, कोण केव्हा घाट चढून इकडे आला, कुणास कोणत्या सरदारांकडून इनाम मिळाले, पुढे कोण मामलेदार झाला, कोण अमेरिकेस गेला, हे सारे त्यांत तपशिलाने असते. आमच्याही घराण्याचा आहे. पुतण्याचा कागद हाती आल्यावर आम्ही तो एका नव्याच हेतूने चाळला. चार पिढ्यांतील पुरुषांची जन्म-मृत्यूची साले घेऊन वजाबाकी केली. एकोणीस जणांपैकी सात जण साठीच्या आत गेलेले. कशाने, याची नोंद एकाचीही नाही. एका ठिकाणी ‘अल्पशा आजाराने’, दोन ठिकाणी ‘अकस्मात देवाज्ञा’. लिमोनेच्या पाद्र्यांनाही कारण ठाऊक नव्हतेच, पण तेथे कुणीतरी जाऊन त्या वह्या उघडल्या. हृदयरोगाचा डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतो तो वडील, काका, भाऊ यांना किती वयात त्रास झाला असा. पुरुषाला पंचावन्नच्या आत आणि स्त्रीला पासष्टच्या आत हा विकार झाला असेल, तर मुलाबाळांनी सावध व्हावे, हा वैद्यकातील मान्य नियम आहे. आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे. तीत मृत्यूचे कारण आणि वय असा रकाना घालावा, असे आम्ही संपादक मंडळास सुचवले. एका ज्येष्ठ आप्तांनी हरकत घेतली की अशाने मुलींच्या सोयरिकीत अडचण येईल. हरकत अगदीच पोकळ नाही. तूर्त असे ठरले आहे की हा रकाना छापायचा नाही. स्वतंत्र वहीत ठेवायचा आणि घराण्यातल्या डॉक्टर सुनेकडे ती वही सोपवायची.

लिमोनेच्या गोष्टीचा उत्तरार्ध तितका सुखद नाही, पण आमच्या विषयाला तोच अधिक महत्त्वाचा. ते नवलाचे प्रथिन प्रयोगशाळेत बनवून रुग्णांच्या शिरेतून द्यावे, ही कल्पना साहजिकच पुढे आली. २००३ साली क्लीव्हलँडच्या डॉ. स्टीव्हन निसेन यांनी ४७ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला : आठवड्याला एक अशी पाच सलाइने, आणि धमनीतील साठा सुमारे चार टक्क्यांनी घटला. जगभर गाजावाजा झाला. औषध कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतले. त्याच सुमारास एचडीएल वाढवणारी एक गोळीही येऊ घातली होती. तिने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवले. आणि सुमारे पंधरा हजार रुग्णांवरचा तो प्रयोग २००६ च्या डिसेंबरात घाईने थांबवावा लागला, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. नियासिन नावाचे जुने जीवनसत्त्वही एचडीएल वाढवते. २०११ आणि २०१४ सालच्या मोठ्या प्रयोगांत त्यानेही झटके कमी केले नाहीत. ‘मिलानो’ प्रथिनाचे नवे रूप २०१६ साली सोडून देण्यात आले. अखेर २०२४ साली, निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळे काढलेले ॲपो ए-वन अठरा हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. तीन महिन्यांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत ५.२ टक्के. संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक टिकला नाही.

वीस वर्षांचा हा इतिहास आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितला, कारण बाजारात ‘चांगले कोलेस्टेरॉल वाढवा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल, काढे आणि चूर्णे यांचा सुळसुळाट आहे. आमच्या वहिनींनी अशी एक बाटली पुतण्यासाठी आणलीही होती. किंमत आठशे रुपये. नाक्यावर रिकाम्या गाड्या उभ्या करून ठेवल्या म्हणून गोदाम रिकामे होत नाही, असे आम्ही त्यांना म्हटले. त्यांनी बाटली ठेवून घेतली. शास्त्रज्ञ आता असे मानू लागले आहेत की कमी एचडीएल आणि कमी ॲपो ए-वन ही बहुधा दुसऱ्या कशाची तरी खूण आहे : पोटातील चरबी, चढलेले ट्रायग्लिसराइड, मधुमेहाची पूर्वतयारी, तंबाखू, बैठे आयुष्य. खूण पुसून रोग जात नाही. उलट, एचडीएल अतिशय जास्त असणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण वाढलेले असते, असे डेन्मार्कमधील मोठ्या पाहणीत २०१७ साली दिसले. तेव्हा ‘जितके अधिक तितके उत्तम’ हा हिशेबही खरा नव्हे.

मग तपासणी करावीच कशाला? आमच्या डॉक्टरांचे मत असे की सरसकट सर्वांनी करू नये. ज्याचे नेहमीचे आकडे मध्यम दिसतात, पण ट्रायग्लिसराइड जास्त आहे, मधुमेह आहे किंवा घराण्यात लवकर गेलेली माणसे आहेत, त्याच्या बाबतीत हा भागाकार बरेच सांगून जातो. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. ताप, संसर्ग किंवा मोठे आजारपण चालू असताना करू नये, कारण तेव्हा ॲपो ए-वन तात्पुरते घसरते. पुरुषांत १२० आणि स्त्रियांत १४० च्या खाली आकडा गेला की पुष्कळ तज्ज्ञ तो कमी समजतात. अहवालावर छापलेली मर्यादा बहुधा याहून सैल असते, म्हणून केवळ ठळक अक्षरांत नाही एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. मद्यानेही हा आकडा वाढतो. हे वाचून कुणी आनंदित होईल. पण अशा वाढीचा हृदयाला फायदा होतो असे कुणी सिद्ध केलेले नाही, आणि यकृताचे काय होते ते सर्वज्ञात आहे.

उपचार खरा होतो तो भागाकाराच्या वरच्या बाजूवर. स्टॅटिन गटातील औषधांनी ॲपो बी उतरते, आणि ते उतरले की झटके कमी होतात, हे लक्षावधी रुग्णांवर पडताळलेले आहे. खालची बाजू वाढवण्यास औषध नाही. आहे ते चालणे, पोट कमी करणे आणि तंबाखू सोडणे.

या शेवटच्या शब्दापाशी आमच्या भागात कुणाचीही लेखणी अडखळेल. निपाणीच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या तंबाखूने किती घराण्यांचे वाडे उभे केले, किती मुलांची शिक्षणे केली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वखारीत तंबाखूची पूड छातीत घेत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी याच पिकाच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. त्या लढ्याविषयी आम्हांस आजही आदर आहे. पण त्या पिकाने आमच्या धमन्यांचे काय केले, हेही ‘इंटरहार्ट’ने मोजून ठेवले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तंबाखूविषयक भागात, न ओढणाऱ्याच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्याचा धोका २.९५ पट आणि नुसती विडी ओढणाऱ्याचा २.८९ पट भरला. ‘विडीला काय होतंय, ती तर पाल्याची’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. आणि नुसती चघळणाऱ्याचा धोका २.२३ पट. धूम्रपानाने एचडीएल आणि ॲपो ए-वन दोन्ही घसरतात. सोडल्यावर काही आठवड्यांत ते थोडे सावरतात.

पुतण्या विडी ओढत नाही. तंबाखूची चंची मात्र सोळाव्या वर्षापासून त्याच्या खिशात आहे. घाटात रात्री झोप येऊ नये म्हणून लागते, असे त्याचे म्हणणे, आणि एकट्याने अवजड गाडी चालवणाऱ्याला ते अगदीच खोटे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी सुरू केली, रात्रीची भाताची मूद निम्मी केली, नाचणीची भाकरी आणि उसळ वाढवली, आणि तंबाखूविषयी एवढेच सांगितले की हा निर्णय तुझा, पण गोळीचा अर्धा उपयोग त्यावर आहे. दोन महिने त्याने चंची घरी ठेवली, एकदा परत घेतली, पुन्हा ठेवली. आता घाटात चघळायला लवंग असते.

सहा महिन्यांनी नवा अहवाल आला. एचडीएल ३६, म्हणजे जवळजवळ होते तिथेच. ॲपो ए-वन ११०. तो खट्टू झाला. एवढे पथ्य पाळून चांगले काही वाढले नाही, असे त्याला वाटले. आम्ही त्याचे बोट दोन ओळी खाली सरकवले. ॲपो बी ७६, भागाकार ०.६९. डॉक्टर त्या ओळीकडे पाहून समाधानाने हसले, आणि गोळी सोडायची नाही, असे त्याला दोनदा बजावले.

त्याचा धाकटा भाऊ पुण्यात कारखान्यात आहे, वय अडतीस. त्याला फोनवर सारे सांगितले. आपल्याला काही होत नाही, असे तो म्हणाला. मग चतुर्थीला गावी येईन तेव्हा बघू, असेही म्हणाला. बेळगावच्या प्रयोगशाळेत चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सुटी असते, म्हणून आम्ही तिसऱ्या दिवसाची सकाळची वेळ त्याच्या नावाने नोंदवून ठेवली आहे.